चर्चा धागा: मॅमोग्राफी नॉर्मल आली की विषय संपला?

नलिनी_कोथरूड: कालच्या धाग्यावर एकांनी लिहिलंय, "डेन्स ब्रेस्ट हे बायकांना घाबरवून तपासण्या विकायचं नवं खूळ. मॅमोग्राफी नॉर्मल आली की विषय संपला." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, रिपोर्टवर खाली ठळक 'बायरॅड्स 1', म्हणजे संशयास्पद काही नाही. वर बारीक अक्षरात 'एसीआर टाइप सी', म्हणजे डेन्स, दाट: स्तनात चरबी कमी, ग्रंथी आणि तंतू जास्त. चरबी फिल्मवर काळपट दिसते, तिथे गाठ उठून दिसते. दाट भाग मात्र पांढरा आणि गाठही पांढरीच, म्हणून ती लपू शकते. काउंटरवरच्या मुलीनं "नॉर्मल आहे मॅडम" म्हणत पाकीट हातात ठेवलं. वर्ष उलटायच्या आत आंघोळ करताना बहिणीच्याच हाताला गाठ लागली. अमेरिकेत 10 सप्टेंबर 2024 पासून प्रत्येक केंद्राला दाटपणा बाईला लेखी कळवावाच लागतो. आपल्याकडे का नको?

रमेश_सातारा: ते लिहिणारा मीच. बहिणीचं ऐकून वाईट वाटलं, पण एका उदाहरणावर धोरण ठरत नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायका दाट गटात येतात. त्यांच्याच प्रतिबंधक तपासण्यांच्या टास्क फोर्सनं 2024 मध्ये सांगितलंय की, दाटपणासाठी जादा सोनोग्राफी किंवा एमआरआय सुचवायला पुरेसा पुरावा नाही. मग निम्म्यांना पत्र पाठवून साधायचं काय?

आणि ही 8 मार्चची पॅकेजेस! माझ्या पंचविशीतल्या पुतणीची 'ऑफर'मध्ये मॅमोग्राफी केली. त्या वयात स्तन दाट असणारच. मग सोनोग्राफी, मग सुई. निघाली साधी फायब्रोअॅडेनोमाची गाठ. तोवर पोरीनं जेवण टाकलं होतं.

किशोर_ठाणे: पॅकेजचं शंभर टक्के खरं! आमच्या ऑफिसात तर कुपनं वाटली. वर मेडिक्लेमवाले म्हणतात, अॅडमिट नाही तर पैसे नाहीत.

सुजाता_नाशिक: मेडिक्लेमचं नावच काढू नका. आईच्या बायोप्सीचा क्लेम सरळ नाकारला. विमा लोकपालाकडे जाता येतं का?

किशोर_ठाणे: येतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच जपून ठेवा.

नलिनी_कोथरूड: मेडिक्लेमसाठी दुसरा धागा काढा हो! आणि रमेशराव, पुतणीला नको ती तपासणी विकली, म्हणून माझ्या बहिणीपासून तिचाच रिपोर्ट लपवायचा?

वंदना_न्यूजर्सी: मला ते पत्र आलं. सोनोग्राफी केली, बिल खिशातून भरलं, काही निघालं नाही. तरी कळलं ते बरंच झालं. रमेशदादा, घाबरायचं की नाही ते आमचं आम्ही ठरवू.

निवृत्त_रेडिओलॉजिस्ट: दोघेही अर्धवट बोलताय. 2019 चा डच अभ्यास बघा. अतिदाट, म्हणजे 'डी' गटातल्या, मॅमोग्राफी नॉर्मल आलेल्या बायकांना एमआरआयला बोलावलं. मॅमोग्राफीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये उघड होणारे कॅन्सर हजारी 5 वरून 2.5 वर आले. पण पहिल्या फेरीत हजारी सुमारे 80 जणींना विनाकारण पुढच्या चौकशीला जावं लागलं. मृत्यू घटल्याचं त्यातून सिद्ध झालेलं नाही. 'सी'ला हे आकडे लावू नका. वय, घरातला इतिहास बघून ठरवा. आणि हाताला गाठ लागली, तर आधीचा रिपोर्ट कितीही नॉर्मल असो, ताबडतोब दाखवा.

रमेश_सातारा: ठीक. रिपोर्टवर मराठीत दोन ओळी लिहा, माझी हरकत नाही. त्याखाली एमआरआयच्या सवलतीची जाहिरात दिसली, तर मात्र पुन्हा भांडेन.

नलिनी_कोथरूड: त्या भांडणात मी तुमच्या बाजूनं. पण 'विषय संपला' हे वाक्य त्या धाग्यावरून आधी काढा.