ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे जुन्या स्कूटरचं ॲव्हरेज खरंच एवढं पडतं का? आणि पर्यावरणाचा फायदा नक्की किती?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ ची ११० सीसी स्कूटर आहे, कार्बोरेटरवाली. टाकी फुल केली की तारीख आणि किलोमीटर डायरीत लिहायची सवय वडिलांपासून आहे त्यामुळे अंदाजाने बोलत नाहीये. सात वर्षं ४८ च्या खाली आकडा गेला नाही. गेल्या दीड वर्षात ४५, मग ४२, आणि आता तीन महिने ३९ वर आलोय. रस्ता तोच, ऑफिस तेच, गाडी चालवणाराही मीच.

सर्व्हिसिंगला दिली तर म्हणाले पेट्रोलच तसं येतंय आम्ही काय करणार. पंपावरच्या पोराला विचारलं साधं पेट्रोल आहे का, तो म्हणाला काका आता सगळीकडे हेच. नोझलवर, मशीनवर कुठेही इथेनॉल किती टक्के ते लिहिलेलं मला दिसलं नाही.

मला विरोधासाठी विरोध करायचा नाहीये. बाहेरून तेल कमी आणावं लागत असेल, धूर कमी होत असेल, शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे जात असतील तर महिन्याला शंभर दीडशे रुपये जास्त गेले तरी माझी तयारी आहे. पण मग तसं सांगा ना आम्हाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बिनाइथेनॉलच्या पेट्रोलचाही पर्याय मागणारी याचिका फेटाळली हे वाचलं, म्हणजे पर्याय मिळणार नाही असं धरून चालतोय. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सांगा, ३९ हे इथेनॉलमुळेच आहे का? आणि पर्यावरणाचा फायदा म्हणतात तो किती खरा?

गॅरेजवाला सातारा

दादा कार्बोरेटरवाल्या गाड्या आठवड्याला चार पाच खोलतो मी, त्यावरून सांगतो. इंजेक्शनवाल्या नवीन गाडीला सेन्सर असतो, पेट्रोल बदललं की ती स्वतः ॲडजस्ट करते. कार्बोरेटरला डोकं नसतं, जेट म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, ते जेवढं आहे तेवढंच पेट्रोल जाणार. इथेनॉल मिसळलं की त्याच जेटवर मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी पडतं, मग सकाळी स्टार्टिंगला त्रास, पिकअप मरतो, माणूस ॲक्सिलरेटर जास्त पिळतो आणि ॲव्हरेज अजून पडतं.

दुसरं म्हणजे फ्लोट बाऊल, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी, खोलून घ्या एकदा. मागच्याच आठवड्यात एक स्कूटर आली, दोन महिने पावसात पार्किंगमध्ये उभी होती, बाऊलच्या तळाला पाणी आणि वर पांढरट जेलीसारखा थर, पेट्रोल अडवणाऱ्या नीडलचं रबर टोक फुगलेलं. नीडल नीट बसत नव्हती म्हणून पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन चाललं होतं आणि मालक म्हणतोय इथेनॉलने ॲव्हरेज खाल्लं. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, पण गळती दुरुस्त केल्यावर त्याच पेट्रोलवर गाडी नीट चालली. जुन्या गाडीत २०-३० हजार किमी नंतर रबर पार्ट, गॅस्केट बदलावे लागू शकतात हे पेट्रोलियम मंत्रालयाने पण ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलंय. पाइप, ओ-रिंग, नीडल बदला, जेट साफ करा. आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी फुल ठेवा, अर्धी नको, मोकळ्या जागेतली हवा ओल धरते.

निवृत्त बाई (रसायन)

गॅरेजवाल्या दादांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त हिशोब मांडते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. ८० टक्के हे आणि २० टक्के ते धरलं तर लिटरला २९.८ होते, म्हणजे सुमारे सात टक्के कमी. तुमच्या ४८ चे सात टक्के गेले तर ४४-४५ यायला हवेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल मिश्रणाच्या रोडमॅपमध्ये तर जुन्या दुचाकींना ३ ते ४ टक्के आणि जुन्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरली होती. म्हणजे ३९ मधला मोठा वाटा गाडीतल्या दोषाचा आहे, सगळं खापर इथेनॉलवर फोडू नका.

पण त्याच रोडमॅपमध्ये आणखी दोन गोष्टी लिहिल्या होत्या त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, जुन्या गाड्यांसाठी ई१०, म्हणजे दहा टक्केवालं पेट्रोल, पंपावर मिळत राहावं. दोन, ॲव्हरेज घटतं त्याची भरपाई म्हणून इंधनावर करसवलत द्यावी. २० टक्क्यांचं लक्ष्य २०३० चं होतं ते २०२५-२६ वर आणलं, तेही गाठलं, आणि लोकांच्या बाजूच्या या दोन शिफारशी मात्र मागे राहिल्या. माझी तक्रार आहे ती इथे. इथेनॉल वाईट आहे असं मी म्हणत नाही.

किती टक्के आहे ते घरी बघता येतं. १०० मिलीचा मोजपात्र घ्या, ५० मिली पेट्रोल, त्यात ५० मिली मिठाचं पाणी (दहा टक्के मीठ), झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर ५० चा ६० च्या आसपास झाला तर २० टक्के. गॅलरीत करा, जवळपास गॅस, निरांजन, मोबाईल चार्जर काही नको, आणि नंतर ते मिश्रण सिंकमध्ये ओतू नका.

ऊसकरी वाळवा

बाईंना नमस्कार. ॲव्हरेजच्या चर्चेत शेतकरी विसरू नका एवढंच सांगायला आलो. हे आजचं नाही, २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे पहिले पायलट प्रोजेक्ट झाले ते आमच्या मिरजेला, मनमाडला आणि यूपीत बरेलीला. २०१३-१४ पर्यंत देशात जेमतेम दीड टक्का मिसळत होते. त्या काळात साखरेचे भाव पडले की कारखान्याच्या गोडाऊनमध्ये पोती पडून आणि आमचं बिल अडकलेलं. कायद्याने १४ दिवसात पैसे यायला पाहिजेत, प्रत्यक्षात पुढचा हंगाम सुरू व्हायची वेळ यायची. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी उसाचं बिल आलं नाही म्हणून वडिलांनी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं होतं. इथेनॉल आल्यापासून बी हेवी मळीचं (जिच्यात थोडी साखर मुद्दाम ठेवतात) इथेनॉल लिटरला साठ रुपयांच्या वर जातं आणि तेल कंपन्यांचा पैसा तीन आठवड्यात येतो, त्याने कारखान्याला श्वास घेता आला.

पण भरवसा नाही. ७ डिसेंबर २०२३ ला हंगाम सुरू असताना एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल बंद केलं, नंतर थोडी ढील दिली. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या त्यांचं काय झालं असेल विचार करा. आणि २०२४-२५ मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ आणि मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ दर होता, त्यामुळे धंदा मक्याकडे पळाला.

लातूरची मयूरी

वर दादांनी मिरज लिहिलं आणि मी थांबलेच. मिरज म्हटलं की आम्हा लातूरकरांना इथेनॉल नाही, पाणी आठवतं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा डबे, पाच लाख लिटर. मी तेव्हा कॉलेजला होते. आमच्या गल्लीत टँकर आठ नऊ दिवसांनी यायचा, आई रात्री दोनला घागरी रांगेत लावून यायची आणि घागरीच्या कडेवर नेलपॉलिशने आमचं आडनाव लिहिलेलं होतं कारण रांगेत घागरी बदलायच्या. पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती कलेक्टरांनी.

बाईंनी सांगितलेल्या त्याच रोडमॅपमध्ये आहे की उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. नंतर रेल्वे ५० डब्यांची झाली, २५ लाख लिटर. भागाकार करून बघा, त्या अख्ख्या गाडीतल्या पाण्यात होतं साधारण ८७४ लिटर इथेनॉल. स्कूटरची टाकी पाच लिटरची धरा, त्यात एक लिटर इथेनॉल. म्हणजे पावणेनऊशे स्कूटर एकदा फुल.

सरकार सांगतं धूर कमी झाला, एक लाख चाळीस हजार कोटींच्या वर परकीय चलन वाचलं, तेही महत्त्वाचंच आहे, मी नाकारत नाही. पण पर्यावरण म्हणजे फक्त सायलेन्सरमधून काय निघतं ते नाही ना. भूजल पण पर्यावरणच आहे.

मका बरा, पाणी कमी लागतं, पण त्याचीही दुसरी बाजू आमच्याकडे दिसते. मक्याच्या इथेनॉलचा चोथा, त्याला डीडीजीएस म्हणतात, तो पशुखाद्यात स्वस्तात जातो त्यामुळे सोयाबीन पेंडीला मागणी घटली आणि पेंडीचा भाव पडला की सोयाबीन पडतं. माझ्या मामांनी २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना चार हजाराच्या आसपास सोयाबीन घातलं. उलट मका महाग झाला म्हणून पोल्ट्रीवाले रडतात, आणि मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये आयात करायला लागला.

ऊसकरी वाळवा

ताई तुमचं पाण्याचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. फक्त एक, मळीपासून होणारं इथेनॉल वेगळं धरा. तो ऊस साखरेसाठी लावलेलाच असतो, मळी निघणारच, त्याचं सगळं पाणी इथेनॉलच्या नावावर टाकणं बरोबर नाही. थेट रसापासून करतात तिथे तुमचा हिशोब लागू. माझा दोन एकर ठिबकवर आहे, बाकीचा पाटपाण्यावर, आणि पाटपाण्याच्या रानात पाणी किती वाया जातं ते मी रोज बघतो, म्हणून हे मान्य करतो की मराठवाड्यात नवीन डिस्टिलरीला परवानगी देताना आधी पाण्याचा हिशोब मागायला पाहिजे.

लातूरची मयूरी

दादा सी हेवी मळीचं, म्हणजे सगळी साखर काढून उरलेल्या मळीचं, मान्य. बी हेवीत आणि रसात साखर कमी करून इथेनॉल करतात तिथे माझा मुद्दा राहतो. तुम्ही स्वतःहून नव्या डिस्टिलरीचं लिहिलंत त्याबद्दल खरंच बरं वाटलं.

सिंहगडरोडकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. कार्बोरेटर खोलला, नीडलचं रबर फुगलेलंच होतं, पेट्रोल पाइपला आतून भेगा. सगळं मिळून ६५० रुपये झाले. आता दोन टाक्यांचा आकडा ४३.५ आणि ४४, म्हणजे बाईंचा हिशोब जवळपास तंतोतंत.

मोजपात्र मुलाच्या क्लासमधून आणला. दोन वेगवेगळ्या पंपांचं पेट्रोल तपासलं, एकाचा खालचा थर ६० ला, दुसऱ्याचा ५९ च्या जरा वर. मुलगा शेजारी उभा राहून बघत होता, पाणी वर चढताना दिसलं तसा म्हणाला बाबा पेट्रोल कमी झालं. त्याला मयूरीताईंची रेल्वेची गोष्ट सांगितली तर त्याने वहीत भागाकार करून बघितला, ८७४ च आलं.

डायरीत आता आणखी एक रकाना केलाय, थर किती. दर महिन्याला एकदा मोजून इथे टाकेन. आणि पंपाच्या मॅनेजरला लेखी अर्ज दिलाय की मशीनवर टक्केवारी लिहा, त्यांनी वर पाठवतो म्हणून सही करून घेतलंय. पोच माझ्याकडे आहे.