प्रतिसाद : सुदानात निवडणुकीआधी काय हवं

दादा, 'युद्धबंदी करा, सहा महिन्यांत निवडणूक घ्या, सुदान मार्गी लागेल' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. सैन्यप्रमुख बुऱ्हान आणि निमलष्करी दलाचा प्रमुख हेमेदती, दोघांनी मिळूनच २०२१ मध्ये तिथलं नागरी सरकार उलथवलं. पुढं हेमेदतीचं हे दल किती वर्षांत सैन्यात विलीन करायचं यावरून बिनसलं. सैन्य म्हणे दोन, तो म्हणे दहा. एप्रिल २०२३ मध्ये थेट राजधानी खार्तूममध्येच तोफा सुरू झाल्या. हेमेदतीकडं सोन्याचा स्वतंत्र पैसा आहे, तो तोडल्याशिवाय कसली युद्धबंदी?

आमच्या यवतमाळकडच्या गावात माझा चुलतभाऊ ग्रामपंचायतीला सात मतांनी पडला. रात्री जेवला नाही. पण सकाळी कंबरेला ओटी बांधून कापूस वेचायला वावरात हजर! हरलो तरी वावर आपलंच राहणार, ही खात्री होती म्हणून.

निळ्या नाईलकाठचा गेझिरा हाही कापसाचाच पट्टा. डिसेंबर २०२३ मध्ये तिथलं वद मदनी शहर हेमेदतीच्या दलाच्या हाती पडलं आणि शेतकरी घरंदारं टाकून पळाले. त्यांना ही खात्री कोण देणार?

२०१९ मध्ये तेव्हाचा हुकूमशहा बशीरविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांपैकी कितीतरी पोरं आज वस्त्यावस्त्यांत लोकांसाठी चुली पेटवतात. वाटाघाटीला आधी त्यांना बसवा.