राक्षस रानातले की गावातले?

‘हॅरो काउंटी’ या भयकथेच्या कॉमिकमध्ये राक्षस पानोपानी दिसतात, त्यामुळे भीती उरत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेतकरी मुलखात घडणाऱ्या या ३२ अंकांच्या कॉमिक मालिकेत (२०१५ ते २०१८) रान भुताखेतांनी भरलेले आहे खरे. परंतु ज्या गावकऱ्यांनी हेस्टर बेक या चेटकिणीला झाडाला टांगून जाळले, तेच आता अठराव्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या नायिकेकडे, एमीकडे, तीच चेटकीण परतली असावी या संशयाने पाहू लागतात, आणि खरा थरकाप तिथे आहे. रानातला कातडी सोललेला मुलगा तर एमीचा सोबतीच होतो. त्याची पिशवीतली कातडी तिच्याशी कुजबुजते! चित्रकार टायलर क्रूक यांच्या जलरंगांत माती, साल आणि मांस एकाच ओल्या पोताचे भासतात.