बाटलीवर ठेव लावली तर कचरागाडीचा खर्च कमी होईल का?

प्रश्न (मनीष नगर, नागपूर): आमच्या २४ फ्लॅटच्या बिल्डिंगचा हिशेब माझ्याकडेच. उन्हाळ्यात पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांनी डबा दुपारपर्यंत शिगोशिग भरते अन् गाडी येते दुसऱ्या सकाळी. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटली-कॅनवर २५ सेंट ठेव आहे, म्हणजे विकत घेताना जास्तीचे द्यायचे, रिकामी परत केली की ते परत मिळतात. इथं तसं केलं तर मनपाचे पैसे वाचतील ना?

उत्तर: भाऊ, फार नाही. कचरा उचलणाऱ्याला मनपानं पैसे टनावर मोजले, तर रिकामी बाटली वजनात भरणार किती? ती जागा खाते. भांडेवाडीच्या कचरा डेपोची एखादी फेरी वाचली, तरच डिझेल वाचलं.

उत्तर: अन् कॅनचं काय? डब्यातला खरा माल तोच! आमच्या गाडीवरचा पोरगा कॅन टाचेनं चेपून वेगळ्या पोत्यात टाकते, कबाडीवाल्याकडे त्याला जास्त भाव. ठेव लागली की कॅन परत दुकानात, पोतं रिकामं.

प्रश्नकर्ता: अरे बाप्पा, हे डोक्यातच नव्हतं आलं.

उत्तर: तामिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेतात, रिकामी आणली की परत. पण ते रानात काच पडू नये म्हणून, गाडीचा खर्च वाचवायला नव्हे.