मराठी शाळेत टॅब आलेत, वापराचे नियम कसे करायचे?

खानापूरचा पालक: इकडं कर्नाटकात आमच्या गावच्या मराठी शाळेला माजी विद्यार्थ्यांनी टॅब दिलेत. एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या पालक समितीत, रोज वाद चाललाय, घरी न्यायला द्यायचे का, बिघडले तर पैसे कुणी भरायचे. लेखी नियम करायचे म्हणतोय, पण सुरुवात कुठनं करू?

निपाणीचे मास्तर: टॅबपासून नको, कुठल्या वर्गाला कुठल्या धड्यासाठी पाहिजे ते आधी ठरवा. आपली पुस्तकं कर्नाटक बोर्डाची, महाराष्ट्रातले मराठी व्हिडिओ धड्याला जुळतीलच असं नाही, त्यामुळे शिक्षकांनी आधी बघूनच लावावेत. सरकारच्या दीक्षा या शिक्षणाच्या ॲपवरचं डाउनलोड करून ठेवता येतं, तुमच्याकडं पावसाळ्यात लाईट-नेट जातं तेव्हा फार कामाला येतं बघा.

चिकोडीची आई: पोरांच्या माहितीचं पहिल्या पानावरच घाला हो! 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं ते मूल, त्याची माहिती घ्यायला साधारणपणे आईबापाची संमती घ्यायची असं म्हटलंय. संमतीचा कागद मराठीतच द्या, आमच्याकडं कन्नडमधला आलेला आणि निम्म्या बायकांनी न वाचताच सही केली, मला अजून राग येतो त्याचा.

खानापूरचा पालक: हे डोक्यातच नव्हतं ताई. आणि दुरुस्तीचं?

निपाणीचे मास्तर: गरिबाच्या पोराकडनं भरपाई मागू नका, नाहीतर ते टॅबला हातच लावणार नाही. देणाऱ्यांकडनंच थोडा दुरुस्ती निधी मागून घ्या, आणि ठरलेलं सगळं बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला दाखवा.