मदत हवी आहे : ब्राझिलियन हॉटेलात रविवारचा ब्रंच, सोबत सासूबाई आणि एकादशी

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. रविवारच्या आत उत्तर हवंय.

आम्ही जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरजवळ राहतो. ऑफिसातली माझी एक मैत्रीण ब्राझीलच्या मिनास जेराइसची. तिची मावशी न्यूअर्कला आयर्नबाउंडमध्ये, फेरी स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत छोटंसं हॉटेल चालवते. येत्या रविवारी अकरा वाजता तिथे ब्रंचला तिने आम्हा सगळ्यांना बोलावलंय. सासूबाई साताऱ्याहून आल्यात हे कळल्यावर तर "त्यांना आणायचंच" म्हणाली. मी हो म्हणून बसले, घरी येऊन कालनिर्णय उघडलं तर रविवारी एकादशी.

सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. "पोरगी एवढ्या अगत्याने बोलावतेय तर येते की, कॉफी पिऊन बसेन" म्हणतात. पण सगळे जेवताहेत आणि त्या कप धरून बसल्यात, हे मला बघवणार नाही.

मी त्या हॉटेलात नाही, पण त्याच भागात दुसरीकडे एकदा गेले होते. सहा टेबलं, भिंतीवर टीव्हीत फुटबॉल, काचेआड तळणीचे प्रकार, मागे गरम पदार्थांचे ट्रे. ताट आपणच भरायचं, काट्यावर ठेवायचं, वजनावर पैसे. काळ्या घेवड्याची दाट उसळ दिसली. "व्हेजिटेरियन?" विचारलं, काउंटरवरच्या बाई हसून "सिं, सिं" म्हणाल्या. भातावर घेतली, आणि तिसऱ्या घासाला चमच्यात सॉसेजची गुलाबी चकती! ती मी गुपचूप नवऱ्याच्या ताटात सरकवली. सासूबाईंच्या ताटात असं काही निघालं तर कुठे सरकवू?

तर, उपासाला चालेल असं तिथे काही मिळतं का? चीजचे ते गोल पाव, पाँव जी केजू, साबुदाण्याच्याच कंदाच्या पिठाचे असतात असं मैत्रीण म्हणते. ते चालतील का? आणि "यात मांस नाही ना" हे नेमकं कसं विचारायचं? 'घरीच बोलवा तिला' हा सल्ला कृपया नको, मावशी रुसेल.

प्रतिसाद १

साओ पाउलोत कंपनीच्या कामाने तीन वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. 'व्हेजिटेरियन' या शब्दावर अजिबात विसंबू नका. 'कार्नी' म्हणजे मांस, पण तिथे बऱ्याच जणांच्या डोक्यात त्याचा अर्थ फक्त गाईचं मांस. त्यामुळे 'सें कार्नी' म्हणजे मांसाशिवाय असं सांगितलंत, तर अगदी मनापासून कोंबडी घालून आणतील. एकेक नाव घ्या : सें कार्नी, सें फ्रांगु (कोंबडी), सें प्रेझुंतु (हॅम), सें बेकन, सें ओवु (अंडं).

घेवड्याच्या उसळीची फोडणीच बऱ्याचदा बेकन नाहीतर सॉसेजची असते. फारोफा, म्हणजे परतलेलं कसावाचं भरड पीठ, कोरडं आणि निरुपद्रवी दिसतं, त्यातही बेकनचे कण निघतात. पालेभाजीतही तेच. फेजोआदा, म्हणजे काळ्या घेवड्याचं दाट कालवण, तर डुकराच्या मांसाचीच, तिच्या वाटेला जाऊ नका.

पाँव जी केजूचं पीठ खरंच साबुदाण्याच्या कंदाचं, पण बहुतेक कृतींत अंडं असतं. सासूबाईंसाठी बाद.

आता कामाची गोष्ट. 'तापिओका' मागा. साबुदाणा ज्या कसावाचा, त्याचंच ओलसर केलेलं पांढरं पीठ, त्याला 'गोमा' म्हणतात. कोरड्या गरम तव्यावर चाळणीने पसरतात. तेल नाही, अंडं नाही. उष्णतेने कण एकमेकांना धरतात आणि मिनिटाभरात घावन तयार. आत ओलं खोबरं आणि कंडेन्स्ड मिल्क. मागताना म्हणा 'कोकु कों लेइची कोंदेंसादु'. याहून उपासाचं आणखी काय असणार?

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, एक भर घालते. तापिओकात चीज घालू का असं हमखास विचारतील. 'केजू कोआल्यु' असेल तर नको म्हणा. कोआल्यु म्हणजेच रेनेट, दूध नासवायला वासराच्या पोटातून काढतात ते. हल्ली बिनप्राणिज रेनेटही वापरतात, पण हॉटेलात कोण पाकीट उलटून बघणार! खोबऱ्याचंच घ्या. आणि तवा आधी पुसून घ्यायला सांगा, त्याच्यावरच हॅमचं सँडविच भाजलेलं असतं.

प्रतिसाद ३

एकादशीला परान्न, तेही हॉटेलात. चालू द्या.

प्रतिसाद ४

वरच्यांकडे दुर्लक्ष करा हो. मी मूळची वेंगुर्ल्याची. तिथे 'सुकु जी काजू' मिळतं का बघा, म्हणजे काजूच्या बोंडाचा रस. काजू मुळात ब्राझीलचाच, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला आणि नावही त्यांच्याकडूनच आलं. आमच्याकडे बोंडांची फेणी करतात किंवा ती बागेत कुजतात. ही माणसं त्याचं सरबत पितात! घशाला थोडं धरतं, पण उपासाला बिनधास्त.

मुलं असतील तर 'पाँव ना शापा' मागवा. पाव उभा चिरून, लोणी लावून, तव्यावर दाबून भाजलेला. सोबत दुधाची कॉफी. इराण्याकडचा ब्रून मस्का आठवेल. पाव हा शब्दही पोर्तुगीजांचाच की.

धागाकर्ती (सोमवारी)

सगळ्यांचे आभार, तीन नंबरचेही.

पाथ ट्रेनने गेलो. मावशींनी आमच्यासाठी खिडकीजवळची दोन टेबलं जोडून ठेवली होती. मी कागदावर लिहून नेलेली 'सें'ची यादी वाचायला लागले, तर मैत्रीण हसून हसून लाल. मावशींनी मात्र कागद हातातून घेतला, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून मान डोलावली आणि आत गेल्या. तवा घासल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

सासूबाई थेट काउंटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मावशींनी चाळणीतून पीठ भुरभुरवलं, चमच्याच्या पाठीने सारखं केलं. पांढऱ्या भुकटीची बघता बघता पोळी झाली. "अगं, पाणी नाही, तेल नाही, हे धरलं कसं?" मग चिमूटभर गोमा हातात घेऊन बोटांत चोळला आणि म्हणाल्या, "साबुदाण्याचंच आहे की हे. आपण गोळ्या करून भिजत घालतो, ह्या गोळ्याच करत नाहीत." मी ते मैत्रिणीला इंग्रजीत सांगितलं, तिने मावशींना पोर्तुगीजमध्ये. मावशींनी सासूबाईंच्या खांद्यावर थाप मारली.

दोन तापिओका खाल्ल्या. काजूचा रस नव्हता, पॅशनफ्रूटचा प्यायल्या, आंबट म्हणून त्यात तीन चमचे साखर. नवरा आणि मुलगा पाँव जी केजूच्या दोन टोपल्या संपवून वर तळणीकडे वळले, तो भाग सांगत नाही.

आता नवा प्रश्न. सासूबाईंनी येताना शेजारच्या दुकानातून गोमाची दोन पाकिटं घेतली. एक उघडलंय. पीठ ओलसर आहे, फ्रिजमध्ये किती दिवस टिकेल? दुसरं त्यांना साताऱ्याला न्यायचंय आणि परतीचं तिकीट दीड महिन्यानंतरचं आहे. कुणी नेलंय का?