बाळाचा डोस पुढे गेला आहे

२०३: नमस्कार. दुसऱ्या डोसाच्या दिवशी बाळाला सर्दी होती, म्हणून आम्ही लस पुढे ढकलली आणि मग ती राहूनच गेली. आता ५ आठवडे उलटले आहेत. मावशी, सगळे डोस पहिल्यापासून घ्यावे लागतील का?

५०१: नाही ग, जिथे खंड पडला तिथूनच पुढे सुरू करतात, आधीचा डोस वाया जात नाही. मी परिचारिका असताना डोस चुकण्याचे जे कारण सर्वांत जास्त वेळा ऐकले, ते हेच. साधी सर्दी, किरकोळ खोकला, थोडी कणकण किंवा चालू असलेले प्रतिजैविक औषध, यांपैकी कशासाठीही सहसा लस थांबवावी लागत नाही. बाळ खरोखरच खूप आजारी असेल, किंवा आधीच्या डोसानंतर त्याला तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे डोसही जन्मतारखेपासूनच मोजतात, पण 'थोडे वजन वाढू दे' म्हणत घरचे थांबतात आणि डांग्या खोकल्याचा धोका ज्यांना अधिक, तीच बाळे उघडी राहतात.

१०४: मावशी, हल्लीचे आईवडील काहीबाही वाचून लसींना घाबरतात, हेच खरे कारण आहे असे मला वाटते.

५०१: घाबरणारे असतात, दादा. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा १९९८ चा लेख त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी ती शंका अजून घरोघरी पोहोचते. मात्र माझ्या अनुभवात ठाम नकार देणारे थोडे आणि 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणणारे पुष्कळ होते. शिवाय सगळा दोष घरच्यांचा नसतो. गोवराच्या लसीची अनेक डोसांची कुपी एकदा द्रावण मिसळून तयार केली की जास्तीत जास्त ६ तासांत वापरावी लागते आणि उरलेली टाकून द्यावी लागते, त्यामुळे एकदोनच बाळे आलेली असली की कुपी उघडायला कर्मचारी कचरतात आणि कामाचा खाडा करून आलेल्या आईला 'नंतर या' असे सांगितले जाते. मीही एकदा एका आईला असे परत पाठवले होते. ती पुन्हा आली नाही, आणि ते मला आजही सलते.

२०३: मावशी, थोरलीचे कार्ड घर बदलताना हरवले. तिचा गोवराचा दुसरा डोस झाला की नाही, ते आठवत नाही.

५०१: पहिले डोस जिथे घेतले, तिथल्या नोंदी आधी पाहायला सांग. नोंद सापडली नाही, तर डोस झालेला नाही असे धरून तो देतात; गोवराचा एक डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही. पहिल्या डोसाने प्रत्येक मुलात प्रतिकारशक्ती तयार होत नाही आणि गोवराची साथ रोखायची, तर सुमारे ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात, म्हणून दुसरा सोडू नकोस. उद्या दोघांनाही घेऊन जा. बाळाला धरायला मी येते.